नंबर चारचा चाप

अर्डिसबाई टॉलेफसन दोन तास दहा मिनिटं पियानोवर बसल्या होत्या. वाजवायला बसतात तशा नव्हे. पियानोच्या वर, टपावर, पाय पोटाशी घेऊन. सॉरेल क्रीक गावात ही हकीकत सांगणारा प्रत्येक जण बरोबर या ठिकाणी थांबे, एका हाताने पियानोची उंची दाखवे आणि दुसऱ्या हाताने बाईंची रुंदी. बाईंचा खरा राग त्या दुसऱ्या हातावर होता.

आता यात हसण्यासारखं काय आहे? पिसाळलेला कोल्हा तोंडाला फेस आणून चर्चच्या उघड्या दारातून झोकांड्या खात आत आला, तर अठ्ठावन्न वर्षांच्या बाईने काय करावं? त्याला प्रार्थनेचं पुस्तक काढून द्यावं? चर्च साउथ डकोटाच्या उघड्या माळावर, गावापासून बावीस मैल. मंगळवार, म्हणजे आत देवाशिवाय कुणी नाही. फोनला रेंज नाही. अर्डिसबाई एकतीस वर्षं तीन काउंट्यांमधले पियानो सुरात लावत एकट्या हिंडत होत्या. हिमवादळात, चिखलात, एकदा तर हाताला प्लास्टर असताना. त्या एकतीस वर्षांत पियानोच्या वर चढायची पाळी आली ती एकदाच, आणि नेमका त्याच दिवशी चर्चचं गवत कापायला डेल्मर आला.

डेल्मर केसलर हा त्यांचा शेजारी. त्याने कोल्ह्याला फावड्याने हुसकून लांब कुंपणापलीकडे नेलं, कमरेचं पिस्तूल काढून एका गोळीत काम संपवलं, मग परत आत येऊन टोपी काढली आणि म्हणाला, "अगं अर्डिस, सूर वरून लावतात होय?"

कोल्हा तिथेच संपला. हे वाक्य मात्र रविवारपर्यंत गावातल्या सगळ्या कॅफेभर झालं होतं.

त्या संध्याकाळी बाईंनी जेवताना जाहीर केलं, "मर्ल, मी पिस्तूल घेणार."

मर्ल हा त्यांचा नवरा. काउंटीच्या रस्तेखात्यातून निवृत्त झालेला. तो बशीतल्या बटाट्यांवरून मान न उचलता म्हणाला, "घे की."

बाईंना याचाही राग आला. तेहतीस वर्षांच्या संसारात बायको प्रथमच हत्यार मागते आणि नवरा साधं 'कशाला?' म्हणत नाही!

दुसऱ्या दिवशी त्या रॉइसच्या दुकानात गेल्या. पुढे बंदुका, मासेमारीचं सामान आणि शिकारीचे कपडे, मागे गोळीबाराच्या सरावाची बंदिस्त गल्ली, असं ते दुकान. रॉइस सभ्य माणूस. त्याने बाईंना बघितलं, हसून 'या मॅडम' म्हटलं आणि काउंटरखालून एक चिमुकलं, फिकट जांभळ्या रंगाचं पिस्तूल काढून मखमलीवर ठेवलं.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"बायकांना हे फार आवडतं."

"कुठल्या बायकांना?"

रॉइसने थोडा विचार केला. प्रामाणिक माणूस होता. "म्हणजे... त्यांच्या नवऱ्यांना."

"ते आत ठेवा. आणि मोठी काढा."

"मॅडम, मोठ्यांचा वरचा भाग मागे ओढायला मनगटात जोर लागतो. बायकांना जरा—"

पियानोत दोनशेवर लोखंडी खुंट्या असतात आणि प्रत्येकीवर तार अशी ताणलेली असते, की खुंटी केसभर फिरवायची तर पैलवानाच्या कपाळाला घाम यावा. बाई ते काम रोज करत होत्या, वर ओठांत शीळ घालत. रॉइसने पुढे केलेलं पहिलंच पिस्तूल त्यांनी घेतलं आणि त्याचा वरचा भाग एका झटक्यात मागे ओढून धरला. दुकानात कॉफी पीत उभे असलेले दोन म्हातारे कप खाली ठेवून वळले.

"पुढे?" बाई म्हणाल्या.

रॉइसने भाड्याने सरावाला द्यायची पाच पिस्तुलं मांडली. प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने नंबर घातलेला, एक ते पाच. पाचही रिकामी असल्याचं त्याने स्वतः तपासलं, बाईंना दाखवलं आणि मग समजावून सांगायला सुरुवात केली. या सगळ्यांना मागे घोडा, म्हणजे आपटणारी हातोडी, नसते. आत स्प्रिंगवर ताणलेली एक दांडी असते. चाप ओढला की ती सुटते, पुढे धावते आणि काडतुसाच्या बुडाला टोचते.

"म्हणजे हातोडीच नाही?" बाईंनी विचारलं.

"नाही."

अठ्ठ्याऐंशी हातोड्यांच्या यंत्रावर पोट भरणाऱ्या बाईला हे जरा फसवणुकीसारखं वाटलं. पण त्यांनी भिंतीवर रंगवलेल्या हरणाकडे रोख धरून नंबर एकचा चाप ओढला आणि भुवया वर गेल्या. दोनचा ओढला. तीनचा ओढून तो परत सुटताना बोट तसंच धरून ठेवलं. चारला त्यांनी डोळे मिटले. पाचला तोंड वाकडं केलं. मग पुन्हा एकपासून.

कारण हे त्यांच्या ओळखीचं होतं! पियानोची पट्टी अगदी सावकाश दाबली तर आधी थोडी मोकळी चाल लागते, मग तळाला जायच्या जरा अगोदर बोटाला एक बारीकसा अडथळा येतो आणि तिथे आतली हातोडी सुटते. पट्टी वर येताना ती पुन्हा आपल्या जागी बसते, आणि चांगला वादक त्या परत बसण्यावर जगतो. चापाचंही तेच. मोकळी चाल, मग भिंत, मग सुटणं, मग परत येताना 'टिक'. तीनची भिंत ओल्या पुठ्ठ्याची होती. एकची चाल इतकी लांब, की मध्ये विश्रांतीला बाक हवं. पाच सुटायचं, पण कधी सुटेल ते दर वेळी वेगळं, आणि बाईंना असल्या स्वभावाची माणसंही चालत नसत.

एव्हाना म्हातारे जवळ सरकले होते. त्यांच्यात डेल्मरही कुठूनसा येऊन मिळाला.

"दोन घे," एक म्हातारा म्हणाला. "काचेची काडी मोडल्यासारखा सुटतो."

"काच? तो? गाजर मोडल्यासारखा म्हण," दुसरा म्हणाला. "काच बघायची तर एक नंबर."

"माझ्यासारखं घे अर्डिस," डेल्मर म्हणाला. "माझा चाप खास माणसाकडून घासून घेतलाय. साडेतीन पौंडांना सुटतो. लोणी!"

"काच की लोणी की गाजर, एक काय ते ठरवा," बाई म्हणाल्या. "हे दुकान आहे की भाजीबाजार? वजन किती? मोजलंय कुणी?"

कुणी मोजलं नव्हतं. तिघांची मिळून शंभर वर्षं पिस्तुलं बाळगण्यात गेली होती. चापावरून कितीदा एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. आणि मोजलं कुणी नव्हतं! बाई संतापाने लाल झाल्या. 'जरासा उतरलेला वाटतोय' एवढं म्हणून त्यांनी कुणाचा पियानो सोडला असता, तर तीन काउंट्यांत त्यांना कुणी पाणी विचारलं नसतं.

दुसऱ्या दिवशी त्या पियानोच्या पट्ट्यांचा भार मोजायची वजनं घेऊन आल्या. चकचकीत पितळी, मखमलीच्या डबीत. ती सगळी लावूनही एकही चाप हलला नाही. पियानोची पट्टी पन्नास ग्रॅमला खाली जाते. चापाला अडीच किलो लागतात. म्हाताऱ्यांनी खोकल्याचं निमित्त केलं. बाई शांतपणे डबी मिटून घरी गेल्या आणि मर्लचा मासे तोलायचा काटा घेऊन आल्या. त्याचा आकडा चापात अडकवून, सरळ मागे ओढून, प्रत्येक पिस्तुलाची दहा-दहा मापं त्यांनी घेतली. पियानोची नोंद करायच्या वहीत लिहिली. चार जिंकला. पाच पौंड, दहाही वेळा पाच पौंड, भिंत खणखणीत, परत येणं आखूड आणि स्पष्ट.

"नंबर चार द्या," बाई म्हणाल्या.

आणि इथून सरकारचा संबंध आला.

पिस्तूल घ्यायचं तर केंद्र सरकारचा फॉर्म भरावा लागतो. बाईंनी तो सुवाच्य अक्षरात भरला. आपण फरारी नाही, व्यसनी नाही, वेड्या ठरलेल्या नाही, असं सगळं लिहून दिलं. शेवटच्या प्रश्नाला डेल्मर मागून हसला. रॉइसने बाईंचं ड्रायव्हिंग लायसन्स हातात घेतलं आणि त्याचा चेहरा पडला.

"मॅडम, यावर पत्ता पोस्टातल्या पेटीचा आहे."

"आमच्याकडे सगळ्यांचाच आहे. पोस्टमन येतो कुठे त्या रस्त्याला?"

"राहत्या घराचा लागतो. सरकारी कागदावर."

बाई घरपट्टीची पावती घेऊन आल्या. पावतीवर पत्ता 'काउंटी रोड नऊ'. रॉइसने भिंतीवरचा नकाशा पाहिला. "काउंटी रोड नऊ आता नाहीये, मॅडम. चार वर्षं झाली. त्याचा दोनशे चौदावा अव्हेन्यू झालाय."

बाई काउंटीच्या कचेरीत गेल्या. तिथे खिडकीमागे थेल्मा नावाची कारकून बसते. तिच्याकडचा पियानो बाईच लावतात, पण कचेरीत ती ओळख दाखवत नाही.

"नवा पत्ता हवा तर आधी घराला नंबर हवा," थेल्मा म्हणाली. "नंबर अग्निशमनवाले देतात. त्यासाठी तुमचा गाडीरस्ता कुठल्या रस्त्याला लागतो ते बघावं लागतं."

"दोन्हीकडे लागतो. कोपऱ्यावरचं घर आहे."

थेल्माने पेन खाली ठेवलं. "दोन गाडीरस्ते?"

"एक पुढून, एक मागून. यात गुन्हा काय?"

"गुन्हा नाही, पण मग आग कुठून विझवायची?"

"जिथे लागेल तिथून!"

नंबर देणारा माणूस फक्त मंगळवारी येत असे आणि पहिल्या दोन मंगळवारी खरोखरच कुठेतरी आग लागली. बाई घरी येऊन मर्लपुढे धुमसत होत्या. "चार वर्षं माझ्या रस्त्याचं नाव दुसरंच आहे आणि मला कुणी सांगत नाही! पाटी तरी कुणी लावली, कधी लावली?"

मर्लने कॉफीचा घोट घेतला. "मी लावली."

"काय?"

"खांबही मीच रोवला. कोपऱ्यावर खडक लागला होता. दुपार गेली."

"आणि घरी येऊन सांगायला काय झालं होतं?"

"तू विचारलं नाहीस," मर्ल म्हणाला.

बाई त्या दिवशी अंगणात जाऊन उभ्या राहिल्या आणि बराच वेळ त्या खांबाकडे बघत होत्या. उत्तम रोवला होता. तेही सहन होईना.

या रिकाम्या आठवड्यांत दुसरंच प्रकरण वाढलं. डेल्मर एका संध्याकाळी कुंपण ओलांडून आला आणि म्हणाला, "तुझा तो काटा काढ. माझा साडेतीन पौंडांचा चाप एकदा बघच. म्हणजे तुला कळेल चीज काय असते." बाईंनी काडतुसं त्याच्या गाडीतच ठेवायला लावली, पिस्तूल रिकामं असल्याची तीनदा खात्री केली, डेल्मरपुढे रूबार्बच्या आंबटगोड पेस्ट्रीचा तुकडा ठेवला आणि काटा लावला.

सव्वासहा पौंड.

"पुन्हा," डेल्मर म्हणाला.

सहा. साडेसहा. सव्वासहा. दहा मापं झाली, एकही सहाच्या खाली नाही.

"हा काटा माशांचा आहे," डेल्मर म्हणाला.

"माशाचा पौंड वेगळा असतो का?" बाईंनी विचारलं.

"लोणी आहे माझा चाप! त्या माणसाला मी—"

"थिजलेलं असेल," बाई म्हणाल्या.

डेल्मर पेस्ट्री अर्धी टाकून उठला. सॉरेल क्रीकमध्ये कुणाची पेस्ट्री अर्धी टाकून उठणं म्हणजे केवढा अपमान ते वेगळं सांगायला नको. दुसऱ्या दिवशी कॅफेत त्याने सांगितलं, की अर्डिसचा काटा खोटा आहे. याचा परिणाम असा, की ज्यांना डेल्मरचं आजवर पटत आलं नव्हतं ते सगळे बाईंच्या स्वयंपाकघरात यायला लागले. "सहज आलो होतो," म्हणायचे आणि कोटातून पिस्तूल काढायचे. ज्यांचा चाप हलका निघे ते कॅफेत जाऊन सांगत, ज्यांचा जड निघे ते बाईंना पियानोतलं कळतं का याबद्दल शंका काढत. दंतवैद्य आले. शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक आले आणि आपल्या पिस्तुलाला 'गचगचीत' हा शेरा मिळाल्यावर, आयुष्यभर मुलांना शेरे देऊनही, डोळ्यांत पाणी आणून निघून गेले. बाईंनी कुणाचीही गय केली नाही. मर्ल कोपऱ्यात बसून कॉफी ओतत होता. त्याला कुणी काही विचारलं नाही.

अखेर घराला नंबर मिळाला. पाटी मर्लनेच ठोकली. कागद घेऊन बाई दुकानात गेल्या, फॉर्म पुन्हा भरला, सरकारने फोनवरून हरकत नसल्याचं कळवलं आणि रॉइसने समारंभाने कोरी पेटी उघडली. आत नवंकोरं पिस्तूल. बाईंनी उचललं, हरणाकडे रोखलं, चाप ओढला आणि खाली ठेवलं.

"हा तो नाही."

"तोच आहे, मॅडम. नंबर चार. तोच कारखाना, तेच मॉडेल."

"नाव तेच आहे. बोटाला विचारा. आत वाळू भरलीय."

रॉइसने मोठा श्वास घेतला. "मॅडम, ते दुकानातलं किती जणांनी वापरलंय! हजारो वेळा ओढून आतले भाग एकमेकांवर घासून गुळगुळीत झालेत. हेही होईल. दहा-पंधरा हजार वेळा ओढलंत की—"

"मग मी ते पंधरा हजार वेळा कशाला ओढू? ओढलेलं समोर आहे की."

"ते विकायला नाही. जुनं आहे, ओरखडे आहेत. कुणी मागतच नाही ते!"

"तुमच्या आईकडचा पियानो मी दर वर्षी लावते. त्याला किती वर्षं झाली?"

"साठ."

"टाकून नवा आणलात का? का नाही आणलात?"

बाईंनी काटा काढला. नवं: साडेसहा पौंड. जुनं: पाच, दहाही वेळा. रॉइसने दोन्हींचे चाप स्वतः ओढून पाहिले, आणि त्याच्या चेहऱ्यावर बावीस वर्षं दुकान चालवल्याचा एक प्रकारचा पश्चात्ताप दिसला. त्याने जुनंच दिलं. फॉर्मवरचा पिस्तुलाचा अनुक्रमांक बदलायचा म्हणून फॉर्म तिसऱ्यांदा भरला; आपण फरारी नसल्याचं बाईंनी तिसऱ्यांदा लिहून दिलं.

आता एवढ्या सगळ्यात बाईंनी एकही गोळी झाडली नव्हती. ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

गुरुवारी त्या मागच्या गल्लीत सरावाला उभ्या राहिल्या. बातमी पसरली होती, त्यामुळे काचेपलीकडे अर्धं कॅफे जमलेलं. शेजारच्या खणात डेल्मर, आपलं सर्वांत मोठं पिस्तूल घेऊन, बाईंकडे न बघता. रॉइसने बाईंच्या कानांत बोळे घातले, वरून आवाज अडवणारा जाड कर्णटोप चढवला. बाईंनी पहिली गोळी झाडली. लागली, मध्यभागापासून दोन बोटांवर. दुसरी त्याच्या शेजारी. तिसरी दोघींच्या मध्ये. चाप अगदी जिथे सुटायचा तिथेच सुटत होता. काचेपलीकडे कुणीतरी टोपी हलवली. बाईंना आयुष्यात प्रथमच वाटलं, की या गावात आपली योग्य किंमत होते आहे.

रॉइस कानाशी येऊन काहीतरी सांगू लागला. ओठ हलताना दिसत होते, ऐकू काही येईना. आणि ज्या बाईने जन्मभर ऐकायचंच काम केलं, तिच्या हाताने सवयीने ते केलं. उजव्या बाजूचा कर्णटोप उचलला, बोळा काढला आणि कान पुढे केला.

"काय म्हणालात?"

त्याच क्षणी डेल्मरने चाप ओढला.

गल्ली बंदिस्त, छत सिमेंटचं. बाईंना आवाज ऐकू आला नाही, धक्का ऐकू आला. मग सगळं कापसात गुंडाळल्यासारखं झालं आणि त्या कापसाच्या आत एक बारीक सूर सुरू झाला. अगदी वरच्या सप्तकातला निषाद, किंचित चढलेला. बाईंनी तो लगेच ओळखला. लावायला मात्र त्याला खुंटी कुठे नव्हती.

रात्री जेवताना सूर होता. सकाळी उठल्या तर सूर होता. शुक्रवारी शाळेच्या कार्यक्रमाचा मोठा पियानो लावायचा होता. बाईंनी घरच्या पियानोची मधली पट्टी दाबली आणि दोन आवाज आले. एक पियानोचा, एक स्वतःचा. दोन तारा एकमेकींशी जुळल्या की नाही हे त्यांच्यातली बारीकशी थरथर थांबली का ते ऐकून कळतं, आणि बाईंना ती थरथरच ऐकू येत नव्हती. त्यांनी फोन उचलला आणि शाळेला 'येऊ शकत नाही' म्हणून सांगितलं. एकतीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, बहुतेक जाईल, पण वाट बघावी लागेल. 'बहुतेक' हा शब्द बाईंना पियानोच्या बाबतीतही कधी चालला नव्हता.

संध्याकाळी डेल्मर दाराशी आला. हातात टोपी. "अर्डिस, मला दिसलंच नाही गं. मी पुढे बघत होतो."

"मोठ्याने बोल."

"मी म्हटलं, मला दिसलं नाही! माझी चूक नव्हती, पण माझी चूक झाली!"

"आत ये. पेस्ट्री आहे," बाई म्हणाल्या. यावेळी त्याने संपवली.

त्याला निरोप देताना बाईंच्या मनात जे पेटलं ते मात्र डेल्मरवर नव्हतं. चाळीस माणसांनी सल्ले दिले होते. रंगाबद्दल, वजनाबद्दल, चापाबद्दल, कमरेला लावावं की पर्समध्ये ठेवावं याबद्दल. गावात एकच बाई अशी, की जिचं पोट कानांवर आहे. आणि चाळिसांपैकी एकाच्याही तोंडून 'कान' हा शब्द निघाला नव्हता. स्वतःच्याही तोंडून निघाला नव्हता, हे आठवल्यावर तर त्यांना बसवेना.

चौथ्या दिवशी पहाटे जाग आली तेव्हा घरात काहीतरी कमी होतं. बाई ऐकत पडून राहिल्या. फ्रिजची घरघर. बाहेर माळावरचा वारा. शेजारी मर्लचं घोरणं, नेहमीच्या सुरात. वरचा निषाद गेला होता. त्यांनी मर्लला हलवून उठवलं आणि 'घोर, घोर' असं सांगून पुन्हा झोपू दिलं.

त्याच सकाळी त्या पिस्तूल पेटीत घालून, मर्लला बरोबर घेऊन दुकानात गेल्या.

"हे परत घ्या," त्या रॉइसला म्हणाल्या.

"चाप बिघडला?"

"चाप उत्तम आहे. एक सांगा. खरंच वेळ आली, चर्चमध्ये किंवा गाडीत, तर तेव्हा कानात बोळे कोण घालणार?"

"मॅडम, तेव्हा कानांचा विचार कोण करतो? जीव वाचतो ना!"

"तुमचा वाचत असेल. माझा कानातच असतो."

रॉइसने पेटी घेतली. पिस्तूल पुसून, रिकामं असल्याचं बघून, एक ते पाचांच्या रांगेत मोकळ्या जागी ठेवलं. कोल्ह्याचं काय, असं त्याने विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, की यापुढे लांबच्या चर्चांना मर्ल बरोबर येणार आहे, लांब दांड्याचं फावडं घेऊन. रस्तेखात्यातला माणूस आहे, फावडं चालवता येतं. मर्लने मान डोलावली.

"एक विनंती होती," रॉइस जरा चाचरत म्हणाला. "तुमच्या वहीतलं ते पान मिळेल? इथे काउंटरवर लावतो. गिऱ्हाईक विचारतं हल्ली, 'अर्डिसबाईंनी याला किती दिलेत?' परवा एक जण शेजारच्या काउंटीतून आला होता."

बाईंनी पान फाडून दिलं. एवढ्या सगळ्या अपमानांनंतर हे काहीतरी होतं. म्हाताऱ्यांनी आणि डेल्मरने कॉफीचे कप बाजूला ठेवून त्यांना वाट करून दिली.

आणि तेवढ्यात मर्लने हात पुढे केला. या सगळ्या आठवड्यांत त्याने एकाही पिस्तुलाला बोट लावलं नव्हतं. रॉइसने नंबर तीन दिलं, ओल्या पुठ्ठ्याच्या भिंतीचं. मर्लने हरणाकडे रोखून चाप ओढला. मग चार मागितलं. त्याचा ओढला. पुन्हा तीन, पुन्हा चार. तो सावकाश काम करणारा माणूस होता. डेल्मरही पुढे वाकला. बाईंना अचानक वाटलं, की गेले दोन महिने आपण काय शोधत होतो ते जगात निदान एका माणसाला आता कळणार आहे.

मर्लने दोन्ही खाली ठेवली.

"मला तर सारखेच वाटतात," तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. बाईंनी मर्लच्या हातातून गाडीची किल्ली घेतली. दारापर्यंत गेल्या, थांबल्या आणि रॉइसकडे वळल्या.

"तेहतीस वर्षं," त्या म्हणाल्या, "तेहतीस वर्षं मी रोज संध्याकाळी या माणसाला पियानो वाजवून दाखवतेय."